बाहेर चालते, आत चालत नाही

हळदीच्या हंगामात वसमतकडून दुरुस्तीला आलेला कॉम्प्युटर झाकण उघडताच ओळखू येतो. पंख्याच्या पात्यांवर, कूलरच्या फटींत, रॅमच्या कडेला पिवळी भुकटी बसलेली असते. गेल्या मे महिन्यात वसमतचे एक आडते असाच सीपीयू उपरण्यात गुंडाळून हिंगोलीला घेऊन आले. मोटरसायकलवर मागे बसलेल्या मुलानं तो सगळा रस्ता मांडीवर धरून ठेवला होता. दुकानाच्या पायरीवरूनच आडते म्हणाले, "दादा, तीन दिवस झाले, चालूच होईना गेलंय. तिकडच्या एकानं सांगितलं, हार्डडिस्क मेली. नवीन टाका, विंडोज मारा. पण तीन वर्षांची खाती हायत हो त्यात. कोणत्या शेतकऱ्याची किती उचल, समदं त्यातच हाय."

मी सीपीयूला वीज जोडून बटण दाबलं. पंखा फिरला, पडदा काळा झाला आणि वर इंग्रजीत एकच ओळ आली. बूट करता येईल असं काही सापडलं नाही, एवढाच तिचा अर्थ.

मी चार स्क्रू काढून डिस्क बाहेर घेतली, माझ्याकडच्या यूएसबी केसिंगमध्ये बसवली आणि केसिंगची वायर माझ्या लॅपटॉपला लावली. डेस्कटॉपची साडेतीन इंची डिस्क यूएसबीच्या विजेवर फिरत नाही, तिला १२ व्होल्टचा वेगळा अडॅप्टर लागतो. अडॅप्टर लावताच डिस्क फिरायला लागली, तिचा बारीक गुंजारव बोटांना जाणवला, आणि अर्ध्या मिनिटात खात्यांचं फोल्डर लॅपटॉपवर उघडलं. आडत्यांनी खाली वाकून पहिली चार-पाच नावं मोठ्यानं वाचली आणि स्टुलावर बसले. मी आधी सगळी खाती दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेतली. ते झाल्याशिवाय मी पुढच्या कशालाही हात लावत नाही.

आता प्रश्न उरला तो असा: डिस्क बाहेर इतकी नीट चालते, तर तीच डिस्क पेटीच्या आत का सापडत नाही? माझ्याकडे "मेली" म्हणून ज्या डिस्क येतात, त्यातल्या कितीतरी अशा जिवंत निघतात. तरी त्यांच्यावर फॉरमॅट मारला जातो. हे थांबावं असं मला फार वाटतं, म्हणून हा प्रश्न जरा उलगडून सांगतो.

बटण दाबल्यावर सगळ्यात आधी जागा होतो तो बोर्डावरच्या चिपमधला एक छोटा प्रोग्राम. १९८१ च्या आयबीएम पीसीपासून त्याला बायोस म्हणतात. आता त्याची जागा यूईएफआयनं घेतली आहे, पण दुकानात सगळे बायोसच म्हणतात आणि मीही तेच म्हणणार. या बायोसला विंडोज ठाऊक नसतं, खाती ठाऊक नसतात. तो रॅम तपासतो, कीबोर्ड बघतो आणि डिस्क शोधतो. जुन्या पद्धतीत तो डिस्कवरचा पहिला ५१२ बाइटचा कप्पा वाचतो आणि त्या कप्प्याच्या शेवटच्या दोन बाइटांत ठरलेली खूण दिसली तरच पुढे जातो. नव्या पद्धतीत विंडोजला उठवणारी फाइल डिस्कवरच्या एका वेगळ्या, साधारण १०० एमबीच्या भागात असते. बायोस ती शोधतो.

बहुतेकांना ठाऊक नसतं ते यापुढचं. उठल्यावर विंडोज डिस्कशी नव्यानं, स्वतःच्या ड्रायव्हरमधून बोलायला लागतं. म्हणजे डिस्कला दोनदा हाक जाते, एकदा बायोसची आणि एकदा विंडोजची. पहिल्या हाकेला ओ आली नाही तर बहुतेक वेळा पडदा काळाच राहतो आणि त्यावर ती ओळ येते. दुसऱ्या हाकेला आली नाही तर विंडोजचं चिन्ह दिसतं, टिपके गोल फिरतात आणि मग निळा पडदा येतो. पडदा काळा की निळा, एवढं फोनवर कळलं तरी माझा अर्धा तपास झालेला असतो.

डिस्क केसिंगमध्ये घालून बाहेर लावली की काय बदलतं? केसिंगमध्ये स्वतःची छोटी चिप असते, जी डिस्कची भाषा यूएसबीच्या भाषेत बदलते. तिची वीज वेगळी, वायर वेगळी. पेटीतली साटा केबल, एसएमपीएसकडून, म्हणजे पेटीला वीज पुरवणाऱ्या डब्याकडून, येणारी विजेची पिन, बोर्डावरचा पोर्ट आणि बायोसमधली सेटिंग हे चौघं या खेळातून बाहेर जातात. म्हणून बाहेर लावलेली डिस्क सुरळीत वाचता आली, तिच्यावरच्या मोठ्या फाइली न अडखळता उतरल्या, तर संशय या चौघांवर जातो. जोडीला डिस्कवरचा तो बूटचा छोटा भाग तपासायचा. इतकं ठरलं की काम निम्मं हलकं होतं.

आडत्यांची डिस्क लॅपटॉपला जोडलेली होतीच. मी तिची स्मार्ट माहिती उघडली. प्रत्येक डिस्क स्वतःची एक वही ठेवते: किती तास चालली, किती वेळा सुरू झाली, किती जागा खराब निघाली. मोफत मिळणाऱ्या साध्या प्रोग्रामनं ती वाचता येते, बहुतेक केसिंगमधूनही. या वहीत मी आधी तीन नोंदी बघतो. ५ नंबरची नोंद म्हणजे डिस्कनं खराब ठरवून बदललेल्या जागा. १९७ म्हणजे वाचता न आल्यामुळे टांगणीला लागलेल्या जागा. या डिस्कवर दोन्हींपुढे शून्य होतं. १९९ पुढे मात्र आकडा हजारांत गेलेला.

ही १९९ ची नोंद मी आडत्यांना त्यांच्याच मोंढ्याच्या हिशोबात सांगितली. गाडीबरोबर पावती येते, पावतीवर पन्नास कट्टे. दारात मोजले तर एकोणपन्नास. माल घेत नाही, गाडी परत जाते, पुन्हा मोजून येते. डिस्क आणि बोर्ड यांच्यात जाणाऱ्या माहितीच्या प्रत्येक गठ्ठ्याबरोबर अशीच एक पावती असते. मोजणी जुळली नाही की गठ्ठा परत आणि १९९ च्या नोंदीत एक आकडा वाढतो. कोठारातला माल शाबूत आहे आणि गाड्या परत फिरताहेत, तर दोष रस्त्यात शोधायचा. आणि डिस्कचा रस्ता म्हणजे केबल.

आडत्यांनी मान डोलावली. म्हणाले, "म्हणजे हमालाचा दोष हाय, कोठाराचा न्हाई."

पेटीतली लाल साटा केबल मी उजेडात धरली. तिचं टोक जिथे डिस्कमध्ये घुसतं, तिथेच ती काटकोनात दुमडली होती. बाजूचं झाकण लावताना दर वेळी तिच्यावर दाब पडत असणार. या केबलच्या टोकाला सातच पिना असतात आणि त्यातल्या चारच माहिती वाहतात. एकीचा संपर्क सुटला तरी डिस्क कधी दिसते, कधी नाही. शंभर रुपयांच्या आतली नवी केबल लावली. ती बोर्डावरच्या दुसऱ्या पोर्टात घातली, म्हणजे पोर्टाचाही संशय उरला नाही. विंडोज पहिल्या फटक्यात सुरू झालं. तरी मी त्यांना लगेच सोडलं नाही. एक मोठी फाइल दोनदा इकडून तिकडे उतरवली आणि पुन्हा १९९ ची नोंद बघितली. हा आकडा कधी मागे जात नाही, पण नव्या केबलवर तो जागचा हललाही नव्हता. मग झाकण लावलं. आडत्यांना वाटत होतं हळदीच्या भुकटीनं घात केला. भुकटीनं पंखा जड होतो, पेटी तापते, हे खरं. पण या दुखण्याला हळद जबाबदार नव्हती आणि तसं मी त्यांना सांगितलं.

केबलचा दोष मोठमोठ्यांना चकवतो. २०११ च्या सप्टेंबरात युरोपातल्या ऑपेरा प्रयोगाच्या शास्त्रज्ञांनी जाहीर केलं होतं की जिनिव्याजवळच्या सर्नमधून निघालेले न्यूट्रिनो सुमारे ७३० किलोमीटरवरच्या इटलीतल्या ग्रान सासो प्रयोगशाळेत प्रकाशापेक्षा ६० नॅनोसेकंद आधी पोचले. आइनस्टाइन चुकला की काय, अशी जगभर चर्चा झाली. पुढच्या वर्षी मोठं कारण सापडलं ते वेळ मोजणाऱ्या यंत्रणेतलं: एका ऑप्टिकल फायबरच्या केबलचं टोक नीट बसलेलं नव्हतं. आमच्या औंढा नागनाथजवळ दुधाळ्याला लायगो-इंडियाची प्रयोगशाळा होते आहे. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा, त्यात गुरुत्वीय लहरींचा शोध. कॉलेजची पोरं दुकानात आली की मी त्यांना ही फायबरची गोष्ट हमखास सांगतो. तिथे नोकरी मिळाली तर केबलचं टोक हातानं दाबून बघायची सवय त्यांना असावी.

मला स्वतःला ही सवय फार किंमत देऊन लागली.

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ ला परभणीतून वेगळा झाला. मी हे काम शिकत होतो तेव्हा जिल्हा नवा होता आणि ऑफिसांत, शाळांत, झेरॉक्सच्या दुकानांत कॉम्प्युटर नुकते येऊ लागले होते. त्या डिस्कना चाळीस भोकांचा रुंद पट्टा असायचा, डिस्कच्या मागे मास्टर की स्लेव्ह ते ठरवणारी इवलीशी टोपी असायची. त्या काळात नर्सीकडचे एक निवृत्त गुरुजी कॉम्प्युटर घेऊन आले. त्यांनी आईच्या आणि गल्लीतल्या म्हाताऱ्या बायांच्या तोंडून जात्यावरच्या ओव्या ऐकून, एकेक अक्षर शोधत त्या टाइप केल्या होत्या. कॉम्प्युटर मध्येच बंद पडायचा, कधी सुरू व्हायचा, कधी नाही. गुरुजी एवढंच म्हणाले, "बाळा, डी ड्राइव्हला हात लावू नको." मी विंडोज मारलं. इन्स्टॉल मध्येच अडकलं, तेव्हा डिस्कच खराब झाली असं समजून सगळे भाग पुसले आणि पुन्हा पहिल्यापासून मारलं. तरी अडकलं. शेवटी पट्टा बदलला आणि सगळं सुरळीत झालं.

गुरुजी संध्याकाळी आले. मी खरं ते सांगितलं. ते रागावले नाहीत. पाणी मागितलं, पिऊन भांडं खाली ठेवलं आणि म्हणाले, त्यातल्या तिघीजणी आता नाहीत. पुढे त्यांनी वह्यांत सापडल्या तेवढ्या ओव्या आणून दिल्या. मी रात्री बसून टाइप केल्या. निम्म्याही झाल्या नाहीत. तो पट्टा मी आजही काउंटरच्या मागे खिळ्याला अडकवून ठेवला आहे. नवीन पोरगा कामाला लागला की पहिल्या दिवशी त्याला तो दाखवतो.

आता निळ्या पडद्याचं सांगतो. सेनगाव तालुक्यातल्या एका आपले सरकार सेवा केंद्राच्या ताईंचा कॉम्प्युटर जूनमध्ये बंद पडला. दहावी-बारावीचे निकाल लागलेले, उत्पन्नाच्या आणि जातीच्या दाखल्यांना पोरांची रांग. विंडोजचं चिन्ह यायचं आणि मागोमाग निळा पडदा, खाली "इनअॅक्सेसिबल बूट डिव्हाइस". म्हणजे पहिली हाक पोचत होती, दुसरी नाही. मी डिस्कला हात लावण्याआधी विचारलं, "ताई, दोन-चार दिवसांत घड्याळ मागं गेलं होतं का?" त्या म्हणाल्या, "हो ना! आठवडाभर पोर्टल उघडताना 'कनेक्शन सुरक्षित नाही' येत होतं. बघते तर तारीख कितीतरी वर्षं जुनी. मी रोज सकाळी नीट करायचे."

बोर्डावर रुपयाएवढा एक सेल असतो, सीआर२०३२, ३ व्होल्टचा. वीज नसताना घड्याळ चालू ठेवणं आणि बहुतेक जुन्या बोर्डांत बायोसच्या सेटिंग लक्षात ठेवणं, हे त्याचं काम. कॉम्प्युटर बंद असला तरी भिंतीचं बटण चालू असेल तर सेलवर भार फारसा पडत नाही. आपल्याकडे रात्री दुकान बंद करताना मेन स्विचच पाडतात, आणि पाडायलाच हवा. विजेचे झटके आणि पावसाळ्यातल्या विजा बघता मीही तेच सांगतो. पण मग रात्रभर सेल एकटा राबतो. ताईंचा सेल मीटरवर दोन व्होल्टच्याही खाली होता. सेल संपला की बायोस कंपनीतून आला त्या सेटिंगवर परत जातो. या बोर्डाची मूळ सेटिंग होती रेड, आणि विंडोज टाकलं होतं एएचसीआयवर. डिस्कशी बोलायच्या या दोन वेगळ्या रीती. बायोसनं एक धरली, विंडोजला दुसरी येत होती. नवा सेल घातला, तारीख लावली, रेडचं पुन्हा एएचसीआय केलं. दहा मिनिटांत रांग पुढे सरकली. अर्थात सेटिंग उगाच बदलून बघू नये. ज्या कॉम्प्युटरवर विंडोज रेडमध्येच टाकलेलं असेल, तिथे एएचसीआय केलं की हाच निळा पडदा येतो. सगळं नीट चालू असतानाच बायोसच्या पानांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवावेत. ताईंनी त्याच दिवशी काढले.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. तेव्हापासून नवी एसएसडी घालून घेणाऱ्यांची गर्दी आहे. बरेचजण घरीच केसिंगमध्ये नवी एसएसडी लावतात, तिच्यावर जुन्या डिस्कची नक्कल उतरवतात आणि ती आत बसवली की काळा पडदा. बहुतेक वेळा फक्त सी ड्राइव्ह उतरवलेला असतो, तो १०० एमबीचा बूटचा भाग मागेच राहतो. सगळा संसार हलवला आणि घराची किल्ली जुन्या घरात राहिली, तसं. नाहीतर जुनी डिस्क त्या ५१२ बाइटच्या जुन्या, म्हणजे एमबीआर पद्धतीची असते आणि बायोस फक्त यूईएफआयवर ठेवलेला असतो. दोन्हींवर इलाज आहे, पुन्हा विंडोज मारायची गरज पडत नाही. लॅपटॉपच्या एम.२ पट्टीत वेगळा घोळ होतो: दिसायला सारखीच, २२ मिलिमीटर रुंद आणि ८० लांब, पण एक साटाची आणि एक एनव्हीएमईची. नुसत्या एनव्हीएमईच्या खोबणीत साटाची पट्टी कधी कधी छान बसते आणि बायोसला दिसत मात्र नाही. विकत घेण्याआधी लॅपटॉपचा मॉडेल नंबर दाखवून विचारावं.

हल्लीच्या पुष्कळ लॅपटॉपांत विंडोज डिस्कला आपणहून कुलूप लावतं, बिटलॉकर. डिस्क बाहेर लावली किंवा बायोसमध्ये काही बदललं की ते ४८ आकड्यांची किल्ली मागतं. ती किल्ली बहुधा मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते, आणि खातं कुणी उघडून दिलं होतं ते घरात कुणालाच आठवत नसतं. ती नसेल तर माझ्याकडे काही उपाय नाही. आजच शोधून कागदावर उतरवून ठेवा.

सगळ्यात नवलाचा प्रकार औंढ्याच्या एका लग्नाच्या फोटोग्राफरनं आणला. त्याच्याकडे टेबलावर ठेवायची मोठी बाहेरची डिस्क होती. तिचं प्लॅस्टिकचं खोकं फोडून आतली डिस्क त्यानं कॉम्प्युटरमध्ये बसवली. खोक्यात असताना ठणठणीत, पेटीत मात्र फिरेचना. कान लावला तरी आवाज नाही. नवी केबल, दुसरा पोर्ट, सगळं करून झालं. साटाच्या विजेच्या पट्टीत १५ पिना असतात. २०१६ मध्ये आलेल्या साटा ३.३ नियमांत तिसऱ्या पिनेला नवं काम मिळालं: तिच्यावर वीज आली की डिस्कनं बंद व्हायचं. मोठ्या डेटा सेंटरमध्ये अडकलेली डिस्क दुरून बंद-चालू करण्यासाठी ही सोय. जुन्या एसएमपीएसमध्ये त्या पिनेवर नारिंगी वायरीतून ३.३ व्होल्ट कायमच येत असतात. म्हणजे कॉम्प्युटर वीज देत होता आणि त्याच विजेनं डिस्कला "गप्प बस" म्हणत होता.

मी कॅप्टॉन टेपची, उष्णतेला टिकणाऱ्या त्या पिवळसर टेपची, तांदळाच्या दाण्याएवढी चिंधी कापली, भिंग लावून चिमटीनं पहिल्या तीन पिनांवर चिकटवली आणि वायर लावली. डिस्क गुणगुणायला लागली. फोटोग्राफर पोरगा कितीतरी वेळ त्या टेपकडे बघत राहिला. त्याचं नशीबही बरं होतं. अशा काही खोक्यांतली चिप माहिती गुपित करून लिहिते. मग डिस्क बाहेर काढून आत बसवली की ती रिकामी वाटते आणि विंडोज विचारतं, फॉरमॅट करू का? तिथे "नाही" म्हणायचं आणि डिस्क परत त्याच खोक्यात घालायची.

खरोखर मरणाऱ्या डिस्कही येतात. टक-टक असा आवाज, ५ आणि १९७ च्या नोंदी रोज चढत्या, एक फोल्डर उघडायला पाच मिनिटं. अशी डिस्क पुन्हा पुन्हा चालू करून बघणं हाच तिच्यावरचा मोठा घाव. जे हवं ते आधी उतरवायचं, आणि टक-टक असेल तर माझ्याकडेही चालू न करता थेट डेटा रिकव्हरीच्या लॅबला पाठवायची. खर्च मोठा येतो, तो आधीच सांगतो.

काल रात्री साडेनऊला कळमनुरीहून एका कृषी सेवा केंद्रवाल्याचा फोन आला. पेरणीचे दिवस, बियाण्यांची बिलं अडकलेली. आवाजात घाई. "दादा, बंद पडलं. पोरगा विंडोज मारू म्हणतोय, मारू का?"

"थांबा. पडदा काळा की निळा?"

"निळा."

"बंद करा. परत चालू करताना एफ-टू दाबत राहा. आत गेलात? वर तारीख काय दाखवतंय?"

पलीकडे पोराशी कुजबुज झाली. मग ते म्हणाले, "एक जानेवारी दाखवतंय की हो. अन् साल लई जुनं."

"मग डिस्कला हात लावू नका. विंडोज मारू नका. मी सकाळी पहिल्या गाडीनं सेल घेऊन येतो."

"नुसता सेल?"

"नुसता सेल. आणि पोराला सांगा, त्या पानाचा एक फोटो काढून मला पाठव."